बीए, बीकॉम, बीएस्सी: नव्या पॅटर्नबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या मदतीच्या टेबलावर जे प्रश्न येतात आणि पुढे वर्षभर फोनवर, व्हॉट्सअॅपवर जे परत परत विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या साध्या पदव्यांपुरती आहेत. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल यांचे नियम वेगळे. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक इथल्या उत्तराहून वेगळं सांगत असेल तर परिपत्रक खरं.

१. आता पदवी तीन वर्षांची की चार? तीन वर्षांची बंद झाली असं ऐकलं.

बंद झालेली नाही. तीन वर्षं पूर्ण केलीत की पूर्वीसारखीच बीए, बीकॉम किंवा बीएस्सीची पदवी मिळते. ज्याला पुढे शिकायचं आहे त्याच्यासाठी चौथं वर्ष आहे. ते केलं तर पदवीपुढे ऑनर्स लागतं. पण ते ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही.

ही रचना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून लागू केली. त्यामुळे एकाच गावातल्या दोन कॉलेजांमधली मुलं काही काळ वेगवेगळ्या पॅटर्नमध्ये होती आणि 'माझ्या मैत्रिणीला तर असं काही नाही' हे वाक्य आम्ही भरपूर ऐकलं. चौथं वर्ष करावं की नाही, ते प्रश्न १२ मध्ये.

२. क्रेडिट म्हणजे मार्कच ना?

नाही. मार्क म्हणजे तुम्ही किती चांगलं केलंत आणि क्रेडिट म्हणजे किती केलंत. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरभरात साधारण ६० तास वर्ग. काठावर पास झालेल्याला आणि पहिल्या आलेल्याला क्रेडिट सारखेच मिळतात. नापास झालात तर त्या पेपरचे क्रेडिट शून्य.

एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. म्हणजे वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. वर्ष संपलं पण क्रेडिट पूर्ण नाहीत, तर पदवी नाही. बाकी सगळे नियम या एका हिशेबाभोवती फिरतात.

३. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस... ही सगळी अक्षरं काय आहेत?

हा प्रश्न आई-वडील जास्त विचारतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. वेळापत्रक वाचताना माणूस विषय सोडून अक्षरंच शोधत बसतो.

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. पूर्वी ज्याला 'स्पेशल' म्हणायचे त्याच्या जवळपासचा. पदवीवर याच विषयाचं नाव येतं आणि निम्म्याच्या आसपास क्रेडिट यात जातात. मायनर हा दुसरा विषय, राज्याच्या आराखड्यात त्याला १८ ते २० क्रेडिट. ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय, १० ते १२ क्रेडिट. त्याबद्दल प्रश्न ४ पाहा.

व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्यांची जोडी. पहिलं तुमच्या मेजरशी जोडलेलं, दुसरं सर्वसाधारण कौशल्य. एईसी म्हणजे भाषा: इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा, मिळून ८ क्रेडिट. व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असे मूल्यशिक्षणाचे विषय येतात, ४ क्रेडिट. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, २ क्रेडिट. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम वगैरे. पूर्वी हे हौसेनं करायचे, आता त्यालाही क्रेडिट आहेत. शेवटी ओजेटी, एफपी आणि सीईपी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेला उपक्रम.

दोन क्रेडिटचा पेपर किरकोळ समजून सोडू नका. पदवी अडते ती बहुतेक वेळा असल्याच पेपरांवर. मेजरचा अभ्यास सगळेच करतात.

४. ओई आणि मायनर यात फरक काय? ओई म्हणून काहीही घेतलं तर चालतं का?

मायनर तुमच्या विद्याशाखेतला असू शकतो. ओई मात्र दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. बीएस्सीच्या मुलीनं इतिहास किंवा जमाखर्चाची ओळख घ्यावी, बीएच्या मुलानं आरोग्य किंवा संगणक घ्यावा, ही कल्पना.

कल्पना चांगली आहे. व्यवहार असा की जिथे एकच विद्याशाखा आहे अशा छोट्या कॉलेजात निवड फारशी नसते. ओईची यादी कागदावर पंधराची आणि प्रत्यक्षात शिकवायला दोनच विषय, असंही दिसतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी 'कोणते ओई आहेत' असं विचारू नका. 'गेल्या वर्षी कोणते ओई प्रत्यक्ष शिकवले' असं विचारा. ऑफिसातून मिळणाऱ्या उत्तरावरून कॉलेज बरंच कळतं.

एक खबरदारी: बारावीला शिकलेलाच विषय सोपा म्हणून ओईला घेऊ नका, काही विद्यापीठांना ते चालत नाही. यादी आधी तपासा.

५. मेजर घेतला, पण जमत नाही. बदलता येतो का?

पहिल्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरनंतर, त्याच विद्याशाखेत मेजर बदलण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे ठेवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर-मायनर ठरवायला सांगतात. तिथे हा प्रश्नच कमी येतो.

मात्र बदल आपोआप होत नाही. नव्या विषयात जागा असावी लागते आणि अर्ज मुदतीत द्यावा लागतो. तिसऱ्या सेमिस्टरचे वर्ग सुरू होऊन महिना झाल्यावर येणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांना बहुतेक वेळा 'नाही' ऐकावं लागतं.

६. बारावी सायन्सला झाली. बीएला प्रवेश मिळेल? आणि आर्ट्सवाल्याला बीएस्सीला?

पहिल्याचं उत्तर हो. सायन्समधून कलेला येण्यात अडचण नाही. 'सायन्स सोडून आर्ट्सला गेला' असं नातेवाईक म्हणतील, त्याला आमच्याकडे उपाय नाही.

उलट प्रवास अवघड आहे. आयोगाच्या २०२५ च्या नियमावलीत प्रवेश परीक्षा देऊन वेगळ्या शाखेत जाण्याची वाट ठेवली आहे, पण राज्यातल्या कॉलेजांमध्ये बीएस्सीच्या प्रवेशासाठी बारावीला विज्ञानाचे विषय मागितले जातात. नियमात वाट आहे म्हणून भरवशावर बसू नका. दुसरा अर्जही भरून ठेवा.

७. हजेरी खरंच ७५ टक्के लागते का?

लागते. आजारपण, एनसीसी कॅम्प, स्पर्धा यांसाठी सवलत मिळू शकते. पण कागद वेळेवर दिला असेल तरच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे सगळे एकाच नजरेनं पाहतात.

८. दोन विषय राहिले. पुढच्या वर्षात जाता येईल? एटीकेटी किती विषयांना?

एटीकेटी, बोलीत केटी, म्हणजे राहिलेले विषय बाकी ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची मुभा. 'किती विषयांना' हा जुना हिशेब. आता बहुतेक ठिकाणी क्रेडिट मोजतात. पहिल्यातून दुसऱ्या वर्षात जाताना ठरावीक वाटा, अनेक ठिकाणी निम्मे, क्रेडिट मिळालेले असावे लागतात. खरी पाचर तिसऱ्या वर्षाच्या दारात असते. तिथे साधारणपणे पहिल्या वर्षाचं काहीच शिल्लक चालत नाही.

आमच्याकडे आलेला एक मुलगा दुसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटला होता, पण पहिल्या सेमिस्टरचा दोन क्रेडिटचा एक पेपर राहिलेला. 'होईल नंतर' म्हणून त्यानं फॉर्मच भरला नव्हता. कॉलेजनंही सांगितलं नाही. वर्ष गेलं. केटीचा फॉर्म नियमित परीक्षेच्या फॉर्मपासून वेगळा भरावा लागतो, आणि त्याची मुदत अनेकदा आधी संपते. दोन्ही तारखा लिहून ठेवा.

९. सीजीपीए कसा काढतात? माझी सरासरी जास्त येते, गुणपत्रिकेवर कमी दिसतो.

साधी सरासरी काढलीत म्हणून. प्रत्येक पेपरच्या गुणांकाला (मार्क नव्हे, दहापैकी मिळालेला ग्रेड पॉइंट) त्याच्या क्रेडिटनं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. समजा तीन पेपर आहेत: चार क्रेडिटच्या पेपरात ८, दुसऱ्या चार क्रेडिटच्या पेपरात ६ आणि दोन क्रेडिटच्या पेपरात १०. साधी सरासरी ८ येते. खरा हिशेब असा: ३२ + २४ + २० = ७६, भागिले १०, म्हणजे ७.६.

एका सेमिस्टरचा येतो तो एसजीपीए, सगळ्यांचा मिळून सीजीपीए. टक्केवारी मागणाऱ्या अर्जांसाठी प्रत्येक विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असतं. 'दहानं गुणा' हे ऐकीव सूत्र लिहून मोकळे होऊ नका. गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं सूत्र वापरा किंवा विद्यापीठाकडून रूपांतराचा दाखला घ्या.

१०. एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, हे खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धं. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण हवेत आणि त्यावर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप हवी. तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ क्रेडिट आणि तसेच जादाचे ४ क्रेडिट केले की पदविका. नुसतं वर्ष पूर्ण करून कॉलेज सोडलं तर हाती गुणपत्रिकाच राहते. ही जादाच्या चार क्रेडिटची अट जाहिरातीत सांगत नाहीत.

आमचं मत विचाराल तर ही सोय अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे. घरात आजारपण आलं, लग्न झालं, नोकरी धरावी लागली, तर दोन वर्षांची मेहनत वाया जात नाही, ही चांगली गोष्ट. पण 'कंटाळा आला, डिप्लोमा घेऊन बाहेर पडतो' असं म्हणणाऱ्याला आम्ही खुर्ची देतो, चहा देतो आणि घरी जाऊन परत विचार करायला सांगतो. बीए इतिहासाच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर आज कोण नोकरी देतं, ते आधी शोधून या.

११. सोडून गेल्यावर परत येता येतं का? आधीचे क्रेडिट राहतात का?

बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची असते. क्रेडिट राहतात ते तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात. २०२१ साली सुरू झालेली ही बँक पैशांची नव्हे, क्रेडिटची. खातं डिजिलॉकरवरून उघडतं आणि त्याचा बारा अंकी क्रमांक आता प्रवेश अर्जात मागतात.

खातं उघडताना नाव, जन्मतारीख आणि मोबाइल आधारशी जुळतात ना, हे पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी एकच अक्षर. असल्या गोष्टींवरून क्रेडिट खात्यात चढत नाहीत, आणि ते कळतं तिसऱ्या वर्षी. सेमिस्टरचा निकाल लागला की खात्यात जमा दिसते का ते एकदा उघडून बघायचं. बँकेचं पासबुक भरून आणतो, तसं.

१२. चौथं वर्ष करावं का? ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च यात काय फरक?

पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो. त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. ज्यांना तो नको किंवा तेवढे गुण नाहीत, ते त्याऐवजी पेपर देऊन साधं ऑनर्स करतात.

आता करावं का? तीन गटांना आम्ही 'करा' म्हणतो. एक, ज्यांना एमए किंवा एमएस्सी करायचंच आहे. चार वर्षांनंतर पदव्युत्तर एका वर्षात होतं, तीन वर्षांनंतर दोन वर्षांत. एकूण वर्षं पाचच, पण वाट वेगळी. दोन, ज्यांना थेट पीएचडीचा विचार आहे. २०२२ च्या नियमानुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं, आरक्षित गटांना ५ टक्के सवलत आहे. तीन, ज्यांना अमेरिकेत शिकायला जायचंय. तिथली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, आणि आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर पूर्वी मुलं याच कारणानं अडायची.

बाकीच्यांनी आपल्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, हे आधी विचारावं. ते सगळीकडे सुरू होईलच असं नाही. संशोधनाला मार्गदर्शक लागतात, ग्रंथालय लागतं, प्रयोगशाळा लागते. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला आलेली बॅच चौथ्या वर्षाला २०२७-२८ मध्ये पोहोचेल.

१३. तीन वर्षांच्या पदवीवर एमपीएससी, बीएड, एलएलबी करता येईल?

तिन्ही करता येतात. एमपीएससी राज्यसेवा आणि यूपीएससी, दोन्हींना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते. ऑनर्सची अट नाही. शेवटच्या वर्षात असताना पूर्वपरीक्षा देता येते. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या गटासाठी पदवीला ४५ टक्के आणि बीएडला ५० टक्के लागतात, आरक्षित गटांना सवलत. दोन्हींना सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, आहे. शिक्षक व्हायचं ठरलं असेल तर मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय घ्या. हे बीएडच्या दारात गेल्यावर आठवून उपयोग नाही.

१४. नोकरी करतो, कॉलेजला जाता येत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याहून जुनं, १९७१ चं. आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

मान्यता मात्र विद्यापीठाला आणि त्या कोर्सला, दोन्हींना हवी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत, त्या वर्षासाठी, तो कोर्स आहे का ते पाहा. प्रवेशासाठी आता 'डेब आयडी', म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो प्रश्न ११ मधल्या खात्यावरूनच निघतो. 'परीक्षा न देता मागच्या तारखेची पदवी' देणारे फोन आले तर ठेवून द्या.

१५. एकाच वेळी दोन पदव्या करता येतात का?

एप्रिल २०२२ पासून येतात. दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. एक नियमित आणि दुसरी दूरशिक्षणातून, हा जास्त सोयीचा मार्ग. सकाळी बीकॉम आणि घरून संस्कृतचं बीए, असं करणारी मुलं आहेत. अडचण परीक्षांची. दोन्ही वेळापत्रकं एका दिवशी आली तर कोणतंही विद्यापीठ तुमच्यासाठी पेपर हलवत नाही. आणि दोन पदव्या म्हणजे डबल मेजर नव्हे. डबल मेजर म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय, ज्यात दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट लागतात.

१६. स्वयम् वरचे ऑनलाइन कोर्स पदवीत धरतात का?

धरतात. स्वयम् म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. नियमानुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत. दोन अटी: कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची लेखी परवानगी, आणि केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा. नुसते व्हिडिओ पाहून क्रेडिट येत नाहीत. कॉलेजात ओईची निवड तोकडी असेल (प्रश्न ४) तर हा चांगला उतारा आहे.

१७. बीएमएसला सीईटी आहे, पण शेजारच्या कॉलेजात तोच कोर्स सीईटीशिवाय आहे. हे कसं?

तोच कोर्स नाही, तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावानं असू शकतो. बीबीए, बीसीए, बीएमएस हे व्यवस्थापन आणि संगणकाचे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे, गेले आणि राज्यानं त्यांना सीईटी लावली. काही कॉलेजांनी 'बीकॉम, व्यवस्थापन' अशा धर्तीची नावं घेऊन सीईटीबाहेर राहणं पसंत केलं. त्यात बेकायदा काही नाही. पण पदवीवर बीकॉम छापलं जाईल, बीएमएस नाही. शिष्यवृत्तीचे नियमही कोर्स व्यावसायिक धरला जातो की नाही यावर बदलतात. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर विसंबू नका. विद्यापीठाच्या संलग्नता पत्रातलं नाव वाचा.

१८. पेपर मराठीत लिहिता येतो का?

बीए आणि बीकॉमच्या बऱ्याच विषयांत येतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातोय. विज्ञानात आणि इंग्रजी माध्यमाच्या तुकड्यांत प्रश्न उभा राहतो. एप्रिल २०२३ मध्ये आयोगानं विद्यापीठांना कळवलं की कोर्स इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. तुमच्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेवर 'उत्तरे मराठीत चालतील' अशी सूचना असते का ते मागच्या प्रश्नपत्रिकांत पाहा. नसेल तर परीक्षा विभागाकडे लेखी विचारा, तोंडी नको. एक पेपर अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी असं करू नका.

१९. ओजेटी करायची आहे, पण आमच्या तालुक्यात कंपनीच नाही.

कंपनीच हवी असं कुणी सांगितलं? ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास, बहुतेक ठिकाणी सहाव्या सेमिस्टरला. सहकारी पतपेढी, दूध संघ, ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय, कर सल्लागाराचं ऑफिस, स्थानिक वृत्तपत्र, बियाण्यांचं दुकान, हे सगळं चालू शकतं. मेजरशी नातं दाखवता आलं पाहिजे आणि कॉलेजनं आधी मान्यता दिली पाहिजे. इतिहासाच्या मुलीनं देवस्थानच्या जुन्या दप्तराची यादी करून दिली, हे आम्ही पाहिलेलं सगळ्यात छान ओजेटी. रोजची नोंदवही मात्र रोजच लिहा. शेवटच्या रात्री एकाच पेननं लिहिलेले १२० तास परीक्षकाला लांबून ओळखू येतात.

२०. सीबीएसई बोर्डाची किंवा गोवा बोर्डाची बारावी आहे. वेगळं काय लागतं?

स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र. कॉलेजनं प्रवेश दिला म्हणजे पात्रता झाली असं नाही. पहिल्या वर्षीचा प्रवेश तोपर्यंत तात्पुरता असतो. मूळ कागद बोर्डाकडून यायला वेळ लागतो, तेव्हा निकालाच्या आठवड्यातच अर्ज करा. पदवीच्या मधूनच दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनाही हेच कागद लागतात. शिवाय दोन्हीकडचे पेपर जुळतात का ते पाहिलं जातं. क्रेडिटची संख्या जुळली तरी विषय जुळला नाही तर एखादा पेपर नव्यानं द्यावा लागतो.

२१. मी जुन्या पॅटर्नचा. दोन पेपर राहिले, मध्ये काही वर्षं गेली. आता काय?

घाबरू नका, पण उशीरही करू नका. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा विद्यापीठं काही संधींपुरत्याच घेतात. त्यानंतर राहिलेल्या पेपरच्या जागी नव्या पॅटर्नमधला समकक्ष पेपर द्यायला सांगतात. तो कोणता, हे समकक्षतेच्या यादीत असतं. स्वतःच्या अंदाजानं फॉर्म भरू नका. कॉलेजऐवजी सरळ विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जा. सोबत सगळ्या गुणपत्रिका, अगदी नापास झालेल्यासुद्धा, आणि पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. तो आठवत नसेल तर कुठल्याही जुन्या हॉलतिकिटावर सापडेल.